‘प्रत्येक आजार मला स्वतःमध्येच दिसतो’

प्रिय विद्यार्थिनी,

सोमॅटिक (शारीरिक लक्षणांभोवतीचे), डिसोसिएटिव्ह (स्मृती आणि ओळख यांची जोड सुटण्याचे) आणि मूड (मनःस्थितीचे) डिसऑर्डर ही पुस्तकातली तीन प्रकरणं डोक्यात एकमेकांत मिसळतात, वाचताना प्रत्येक आजार स्वतःलाच झाल्यासारखा वाटतो, मग क्लिनिकल सायकॉलॉजीला जावं का, असं तू विचारलं आहेस.

हा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही. एकोणिसाव्या शतकात हात लुळा पडणं, वाचा जाणं, आठवणी हरवणं हे सगळं ‘हिस्टेरिया’ या एकाच नावाखाली येत असे. आजही कन्व्हर्जन डिसऑर्डर (मज्जासंस्थेच्या ज्ञात आजाराशी न जुळणारी लुळेपणासारखी लक्षणं) डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, सोमॅटिक गटात आहे, तर आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, डिसोसिएटिव्ह गटात. म्हणून नुसत्या याद्या घोकू नकोस. नेमकं काय बिघडलंय, हे प्रत्येक प्रकरणाला विचार.

सोमॅटिकमध्ये बहुतेक विद्यार्थी एकाच ठिकाणी चुकतात. ‘तपासण्या नॉर्मल, म्हणजे सोमॅटिक’ असं ते लिहितात. २०१३ च्या डीएसएम-५ ने हा निकष मागे टाकला. हृदयविकार असलेल्या माणसालाही सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर असू शकतो. लक्षणाभोवतीचे विचार, धास्ती आणि त्यात जाणारा वेळ प्रमाणाबाहेर आहे का, आणि हे साधारण सहा महिन्यांहून जास्त चाललंय का, हे पाहायचं. वेदना खरीच असते. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकवलेला रुग्ण परत येत नाही, हे आत्तापासूनच मनात ठेव.

डिसोसिएशनमध्ये स्मृती, ओळख आणि ‘मी’पणाची जाणीव यांची एरवी असणारी सांधेजोड सुटते. सिनेमामुळे सगळं लक्ष बहुव्यक्तित्वाकडे जातं. तू आधी डीपर्सनलायझेशन नीट वाच. स्वतःकडे बाहेरून पाहिल्यासारखं वाटतं, पण हा केवळ भास आहे हे त्या व्यक्तीला कळत असतं. सायकोसिसपासून, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्यापासून, ते वेगळं ओळखायचं ते इथेच.

मूडमध्ये कालावधी पक्के हवेत. मेजर डिप्रेशनसाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे, आणि त्यांत उदासी किंवा रस संपणं यांपैकी एक हवंच. मेनियाला (प्रमाणाबाहेर चढलेली मनःस्थिती आणि उत्साह) एक आठवडा, हायपोमेनियाला (त्याचंच सौम्य रूप) चार दिवस. समोर नैराश्याचा रुग्ण असला, तरी पूर्वी कधी झोप कमी होऊनही उत्साह उतू जात होता का, हे विचारायचंच, कारण बायपोलरचे (ज्यात नैराश्य आणि असा चढलेला उत्साह दोन्ही येतात) अनेक रुग्ण आधी नैराश्य घेऊनच येतात. काही जण तर फक्त अंगदुखी आणि थकवा सांगतात, आणि पहिलं प्रकरण तिसऱ्यात शिरतं.

आता तुझी भीती. जागरणानंतर क्षणभर सगळं खोटं वाटणं अनेकांना होतं. त्याला आजार म्हणत नाहीत. किती दिवस, किती त्रास, रोजच्या कामात किती अडथळा, हेच प्रश्न स्वतःलाही लाव. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खाली असेल, झोप आणि अभ्यास बिघडला असेल, तर समुपदेशकाकडे जा. जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांग आणि मदत घे. उपचार घेतलेल्यांना हे क्षेत्र बंद नसतं.

सायकिअ‍ॅट्रिस्टला आधी वैद्यकीय पदवी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मानसशास्त्राच्या उच्च शिक्षणासोबत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर प्रशिक्षण घ्यावं लागतं. निर्णयाआधी एक करून पाहा: पुस्तकातल्या केसचं निदान झाकून ठेव आणि त्या माणसाला तू काय काय विचारशील ते लिही. अशा पाच-सहा केस झाल्यावरही प्रश्न सुचत राहिले आणि लगेच उत्तर न मिळणं तुला सोसलं, तर बेलाशक अर्ज कर.