पोळी थोडी वाकडी झाली तर?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ४१ वर्षांची, डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. पहाटे साडेचारला उठते कारण पोळ्या, भाजी, कोशिंबीर सगळं ताजंच लागतं, विकतचं मला चालत नाही. रात्री ओटा पुसून, सिंक कोरडं करून, युनिफॉर्मला इस्त्री करून झोपायला साडेअकरा. मिस्टर मदत करायचे पण त्यांनी घातलेल्या घड्या मी मोडून परत घालायचे, भांडी परत लावायचे, आता ते विचारतच नाहीत. पाहुणे येणार म्हटलं की पोटात गोळा येतो. मान आणि डोकं कायम दुखतं, तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या, डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा. हेही मी रेटलं असतं, पण परवा पाचवीतल्या मुलीच्या वहीची पानं फाडलेली दिसली. एक अक्षर चुकलं की ती पान फाडते आणि पहिल्यापासून लिहिते. विचारलं तर म्हणाली, "आई, तू पण तसंच करतेस ना." तेव्हापासून मन लागत नाही. व्यवस्थित राहणं चूक आहे का?

उत्तर : व्यवस्थित राहणं अजिबात चूक नाही, आणि तुम्ही हे सगळं घरच्यांवरच्या मायेपोटी करताय हे पत्राच्या ओळीओळीतून कळतंय. फक्त एक बघा, नीटनेटक्या माणसाला काम झालं की बरं वाटतं आणि तो चहा घेऊन निवांत बसतो. तुम्ही शेवटच्या कधी बसलात? ओटा चकचकीत झाला की तुमची नजर बर्नरवर जात असणार, मग टाइल्सवर, मग डब्यांच्या झाकणांवर.

हेविट आणि फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. स्वतःकडून अचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून तशी अपेक्षा, आणि लोकांना आपल्याकडून अचूकपणाच हवाय असं वाटत राहणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत, साडेचारचा गजर, मिस्टरांच्या घड्या आणि पाहुण्यांचा गोळा. यातला तिसरा मला जास्त काळजीचा वाटतो, कारण अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांवर कॉलेजच्या मुलांची १९८९ ते २०१६ मधली माहिती एकत्र केली तेव्हा तिन्ही वाढलेले दिसले आणि सगळ्यात जास्त हाच. ती मुलं परदेशातली हे खरं, पण आपल्याकडे मार्क, क्लास आणि शेजारच्या मुलीशी तुलना काय कमी आहे का?

आता आधी झोप. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास, मोठ्या माणसाला किमान सात लागतात. मान आणि डोकं दुखण्यात याचा वाटा असू शकतो, त्यामुळे बाकी काही जमलं नाही तरी हे दोन तास कुठून निघतात ते बघाच. आठवड्यातले दोन दिवस पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणा, डोंबिवलीत त्यांना काय तोटा, किंवा कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवा. आणि कुठलंही काम सुरू करायच्या आधीच ठरवा की किती झालं म्हणजे पुरे. ओटा म्हणजे दहा मिनिटं, संपली की फडकं खाली. हे आधी ठरवायचं, कारण काम करता करता ठरवायला गेलात तर "अजून थोडंसं" कधी संपतच नाही.

दुसरं, एक प्रयोग करा. पुढचे आठ दिवस मिस्टरांनी घातलेल्या घड्यांना हात लावायचा नाही. त्याआधी कागदावर लिहा की यामुळे काय काय बिघडेल असं तुम्हाला वाटतं, अगदी मनापासून लिहा, आणि आठ दिवसांनी तो कागद उघडून बघा त्यातलं काय खरंच घडलं. पहिले दोन दिवस हात शिवशिवतील, जीव कासावीस होईल, ते होऊ द्या. आणि त्यांना सांगा की मी तुमचं काम मोडत होते, आता नाही मोडणार. मला वाटतं त्यांना ते ऐकायचं असेल.

हे लिहिताना मला माझी आई आठवतेय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घर आरशासारखं आणि सात प्रकारचा फराळ तयार, पण ती इतकी दमलेली असायची की ताटावर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे. चकली कशी झाली होती ते मला आज आठवत नाही, तिचे मिटणारे डोळे आठवतात.

मुलीबद्दल. विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५३ मध्ये "पुरेशी चांगली आई" ही कल्पना मांडली. बाळ तान्हं असताना आई त्याचं जवळजवळ सगळं पुरवते, मग ते जसं मोठं होतं तशी ती हळूहळू थोडी थोडी कमी पडते, आणि त्यातूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. म्हणून तिला उपदेश नको, तिच्यासमोर चुका. रांगोळीची रेघ वाकडी गेली तर तशीच ठेवा आणि मोठ्याने म्हणा, "असू दे, छान दिसतेय." वहीत चुकलं की एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं हा तुमचा दोघींचा नियम करा, तुमच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा. वर्गशिक्षिकांनाही सांगून ठेवा. महिनाभरात पानं फाडणं थांबलं नाही, किंवा तुम्हाला स्वतःला हे झेपत नाहीये असं वाटलं, तर समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात.

प्रश्न : मी २६, छत्रपती संभाजीनगर. दर महिन्याला जिम, डाएट, रोज १० हजार पावलं असं सुरू करतो, एक दिवस चुकला की सगळंच सोडतो आणि पुढच्या सोमवारची वाट बघतो. काय करू?

उत्तर : हा १० हजारचा आकडा कुठून आला माहितीये का, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचं मीटर". म्हणजे मूळ जाहिरातीचं आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि निदान दहा मिनिटं सलग हवीत ही जुनी अट २०२० च्या सूचनांमध्ये त्यांनी ठेवली नाही. थोडा व्यायाम अजिबात नसण्यापेक्षा चांगला, असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हा वाईटातल्या वाईट दिवशीही होईल इतकं छोटं काहीतरी ठरव, जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं एवढंच. एक दिवस गेला तर गेला, दुसऱ्या दिवशी तेवढंच कर, भरपाई म्हणून दुप्पट करू नकोस, तिथेच तुझं गाडं दर वेळी अडत असणार. हे वाचशील तेव्हा वार कुठलाही असो, चप्पल घाल आणि निघ, वॉच घरी राहू दे.