वंश, वर्ण आणि 'आड येणे'

एका वाचकाने विचारलंय : ओबामांच्या २००८ च्या विजयावर लिहितोय. 'मतदार वंशाकडे दुर्लक्ष करून राष्ट्राचा नेता निवडू शकतात का?' हे वाक्य चालेल का, की 'वर्ण' म्हणू? आणि 'ब्रॅडली इफेक्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

माझ्या मते 'वंश' नको, आणि 'दुर्लक्ष' तर मुळीच नको.

तुमचं वाक्य मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरंच की, त्याचा बाप कुठे कोण मोठा होता!" चूक तिची नाही. वंशाचा दिवा, निर्वंश, वंशावळ या सगळ्यांत वंश म्हणजे कूळ. मूळ संस्कृत अर्थ बांबू. आपल्या छपराचा वासाही त्याच शब्दातून आला. त्यामुळे निवडणुकीच्या बातमीत 'वंश' दिसला की मराठी माणसाला घराणेशाही आठवते. त्या अर्थाने हा शब्द २००० सालाला जास्त शोभला असता, तेव्हा माजी अध्यक्ष बुश यांचे चिरंजीव निवडून आले होते.

'भारतीय वंशाचे' हा प्रयोग मात्र वर्तमानपत्रांनी इतका रुळवलाय की त्याला हात लावण्यात अर्थ नाही. तरी गंमत बघा. आपल्याकडे वंश बापाकडून मोजायची रीत. त्या हिशेबाने कमला हॅरिस जमैकन वंशाच्या ठरतात, कारण तमिळ होती ती आई. जुन्या अर्थालाही पुरून उरतात ते आयर्लंडचे लिओ वराडकर : वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि आडनावातच गाव. (अर्थात २०१७ साली ते पंतप्रधान झाले ते आधी पक्षाने नेता निवडल्यामुळे, थेट लोकांच्या कौलाने नव्हे.)

मग 'वर्ण'? वर्णभेद, वर्णद्वेष हे शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांनी पक्के केलेत, ते खुशाल वापरा. सुटा 'वर्ण' जरा अवघड जातो. एक तर चातुर्वर्ण्य मागे उभं असतं. दुसरं, लग्नाच्या बायोडेटातला रकाना : 'वर्ण – निमगोरा'. सख्ख्या बहिणींचाही वर्ण तिथे वेगळा लिहितात. ओबामांची आई कॅन्सासची गोरी, वडील केनियाचे. २०१० च्या जनगणनेत एकाहून जास्त चौकटींवर खूण करायची मुभा असूनही त्यांनी फक्त कृष्णवर्णीयांच्या चौकटीवर केली. निमगोरा-सावळा या हिशेबात हे बसत नाही. म्हणून नाम शोधत बसू नका, सरळ 'उमेदवार कृष्णवर्णीय असणं' असं लिहा.

आता क्रियापद. दुर्लक्ष होतं ते लक्ष द्यायला हवं होतं अशा गोष्टीकडे, आणि काणाडोळा करतात तो दुसऱ्याच्या दोषाकडे. दोन्हींत नकळत त्या माणसाचं काळेपण हीच खोट ठरते. मराठीत यासाठी फार नेमका प्रयोग तयार आहे, 'आड येणे' : 'उमेदवाराचं कृष्णवर्णीय असणं मतदारांच्या आड येतं का?' यात अडचण बघणाऱ्याच्या वाटेत राहते.

हा प्रयोग आकड्यांशीही इमान राखतो. मतदानोत्तर चाचण्यांनुसार २००८ साली गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. २००४ साली त्याच पक्षाचे गोरे उमेदवार जॉन केरी यांना ४१ टक्के मिळाली होती. म्हणजे बहुसंख्य गोरे दोन्ही वेळा विरोधातच, पण उमेदवार ओबामा आहेत म्हणून पक्षाचा वाटा घसरला, असं झालं नाही. 'अमेरिका वर्ण विसरली' हे वाक्य इथे खोटं पडतं, 'एकूण निकालात आड आला नाही' हे टिकतं. कृष्णवर्णीयांची ९५ टक्के मतं ओबामांना गेली, तिथे 'आड येणे' लागूच नाही. पण त्यातही 'आपला माणूस' किती आणि पक्ष किती, हे सांगताना जपून, कारण केरींनाही ८८ टक्के मिळाली होती.

राहिला ब्रॅडली. टॉम ब्रॅडली हे लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, चाचण्यांत पुढे होते आणि लाखाहून कमी मतांनी पडले. विचारणाऱ्याला लाजून लोक एक सांगतात आणि मत दुसरीकडे देतात, असा अर्थ त्यावरून काढला गेला. संज्ञा म्हणून 'ब्रॅडली परिणाम' ठेवा, पण लेखात एकदा तरी 'ओठात एक, पोटात एक' येऊ द्या. वाचकाला पुढे काही समजावावं लागणार नाही. २००८ साली याचीच धास्ती होती. शेवटच्या चाचण्या ओबामांना साधारण सात टक्क्यांनी पुढे दाखवत होत्या, आणि पेट्यांतूनही तेवढंच निघालं.