जपानी लेखक हारुकी मुराकामींची 'नॉर्वेजियन वुड' ही कादंबरी अनेकांच्या हातून शंभरेक पानांवर सुटते. नुसतं चालणं, खाणं आणि पत्रं. यात गोष्ट कुठे आहे?

त्या चालण्यातच आहे. दुसऱ्या प्रकरणात निवेदक वातानाबे आणि नाओको वर्षभराने लोकलमध्ये अवचित भेटतात नि योत्सुयाला उतरतात. तिथून पायी जिम्बोचो, ओचानोमिझु, होंगो करत थेट कोमागोमे. टोकियोचा नकाशा उघडून ही नावं जोडून पाहा, किती लांब आहे ते कळेल. ती पुढे, तो मागे. शेवटी तीच विचारते, आपण कुठे आलो? दोघांच्या मध्ये किझुकी आहे: तिचा प्रियकर, त्याचा जिवलग मित्र, सतराव्या वर्षी आत्महत्या केलेला. त्याच्याविषयी ते बोलत नाहीत, म्हणून चालतात. हे ध्यानात ठेवून ती पानं पुन्हा वाचा.

बहुतेकांचं पहिलं प्रकरण घाईत उरकतं आणि तिथेच घोळ होतो. सदतीस वर्षांचा निवेदक त्यात सांगून टाकतो की नाओकोचं आपल्यावर प्रेम नव्हतंच. तरीही 'ती त्याला मिळेल का' हा प्रश्न धरून वाचलं, तर पुढचं सगळं लांबण वाटतं. १९८७च्या मूळ आवृत्तीच्या वेष्टनपट्टीवर 'शंभर टक्के प्रेमकादंबरी' असं छापलं होतं, त्यामुळे तशी अपेक्षा होणं स्वाभाविक आहे.

सहावं प्रकरण लांबलचक आहे, नाओको राहते त्या क्योतोजवळच्या डोंगरातल्या आरोग्यनिवासाचं. ते तुकड्यांत वाचू नका, तिथे तिच्यासोबत राहणाऱ्या रेइकोची हकीकत विस्कटते. सुटीची दुपार ठेवा. सातवं दुसऱ्या दिवशी.

वातानाबेची कॉलेजातली मैत्रीण मिदोरी, तिला नाओकोच्या वाटेतली 'दुसरी' समजू नका. अंतर्वस्त्रासाठी जमवलेल्या पैशांतून अंड्याची पोळी करायचा तवा घेणारी ही मुलगी आहे. सातव्यात तिचे वडील इस्पितळात मरणाच्या दारात आहेत, अन्नावरची वासना उडालेली. वातानाबे त्यांच्याशेजारी बसून काकडीला नोरी (वाळवलेल्या समुद्रशैवालाचा पातळ कागद) गुंडाळतो, सोयसॉसमध्ये बुडवून कुरकुरत खातो. मग तेही एक मागतात. पुस्तकातला माझ्या मते सर्वांत मोठा प्रसंग हाच, आणि त्यात कुणी प्रेमाबद्दल अक्षर काढत नाही.

एक मनापासून सांगते: यात आत्महत्या एकापेक्षा जास्त आहेत. सध्या मन खचलेलं असेल तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवा, काही महिन्यांनी घ्या.

शेवटचा फोन वाचून झाला की लगेच पहिलं प्रकरण परत काढा, छोटंच आहे. हांबुर्गला उतरलेल्या विमानात वातानाबे डोकं धरून का बसलाय, हे तेव्हा कुणी सांगावं लागणार नाही.