माउंटन बाइकच्या डिस्क ब्रेकसाठी नवे पॅड घेताना रेझिन (राळेने बांधलेले, मऊ) घ्यावेत की मेटल (धातूच्या भुकटीचे, कडक)?
त्याआधी आकार बघा. पॅडचा आकार कॅलिपरप्रमाणे, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या ब्रेकच्या भागाप्रमाणे ठरतो, म्हणून कॅलिपरवरचा मॉडेल नंबर वाचा किंवा जुना पॅड शेजारी ठेवून जुळवा. मग रोटर, म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची चकती, निरखून पाहा. त्यावर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असेल तर मेटल पॅड लावूच नका, रोटर झपाट्याने झिजतो. तशी अट नसेल आणि चिखलात, पावसात, लांब उतारांवर चालवत असाल तर सरळ मेटल घ्या. आवाज करतात, पण टिकतात. कोरड्या वाटांना रेझिन छान, थंड असतानाही लगेच पकडतात. नव्या पॅडला तेलकट बोट मात्र लागू देऊ नका. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर, चाक लॉक न करता 20-25 वेळा ब्रेक दाबा. तोवर पूर्ण पकड येत नाही.