संकटानंतर पर्यटनस्थळ कसे सावरते?

प्रश्न : भूकंप किंवा दहशतवादी हल्ल्यानंतर मोठी जाहिरात केली, तर पर्यटक लवकर परततात का? काही ठिकाणे दोन-तीन वर्षांत सावरतात आणि काहींना फार काळ लागतो, हे कशामुळे?

उत्तर : जाहिरातीने पर्यटक येतात, पण तिच्यात सांगितलेले तेथे पोहोचल्यावर खरे ठरले तरच. त्यामुळे जाहिरातीआधी नेमके काय मोडले आहे आणि काय शाबूत आहे, हे प्रामाणिकपणे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

नेपाळचे उदाहरण पाहा. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि लांगटांग हे गाव हिमस्खलनाखाली गाडले गेले. पोखरा व अन्नपूर्णा परिसराची मात्र फारशी हानी झाली नव्हती. तरीही दूर बसलेल्या पर्यटकाला सारा देशच उद्ध्वस्त झाल्यासारखा वाटला आणि त्याच वर्षी पुढे सीमेवरील नाकेबंदीमुळे इंधनटंचाईचीही भर पडली. २०१४ मध्ये सुमारे ७ लाख ९० हजार असलेली परदेशी पर्यटकांची संख्या २०१५ मध्ये ५ लाख ३९ हजारांवर आली. अन्नपूर्णा आणि एव्हरेस्टकडील पायवाटांची अभियंत्यांकडून पाहणी करून निष्कर्ष जाहीर करण्यात आले, हे मला सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते, कारण कोणती वाट सुरक्षित आहे हे त्यामुळे तज्ज्ञांच्या तोंडून कळले. २०१७ मध्ये ही संख्या ९ लाख ४० हजारांवर गेली.

हल्ल्यानंतरची भीती वेगळी असते, कारण पडलेली भिंत बांधून झालेली दिसते, पण धोका टळल्याचे डोळ्यांना दिसत नाही. बाली बेटावर २००२ नंतर २००५ मध्ये पुन्हा स्फोट झाले आणि नुकताच परतू लागलेला विश्वास डळमळला. श्रीलंकेत एप्रिल २०१९ मधील हल्ल्यांमागोमाग महासाथ आणि २०२२ चे आर्थिक संकट आल्याने २०१८ मधील पर्यटकसंख्या २०२४ मध्येही गाठता आली नाही. एकामागून एक येणारे आघात हे विलंबाचे मोठे कारण असते.

मधल्या काळात वाटाडे, चालक आणि स्वयंपाकी पोटासाठी दुसरीकडे जातात, आणि पर्यटक परतले तरी अनुभवी माणसे परततीलच असे नसते. म्हणून मदतनिधीतील काही वाटा त्यांच्या वेतनासाठी आणि दुरुस्तीच्या कामांतील रोजगारासाठी पहिल्या महिन्यापासूनच राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन.