आधी रात्री मोज

चि. प्रवासोत्सुकास,
अनेक आशीर्वाद.

तुझी युरोपच्या सहलीची यादी पाहिली. पॅरिस 2 रात्री, आम्सटरडॅम 1, इंटरलाकेन 2, प्राग 1, व्हिएन्ना 2, व्हेनिस 1, रोम 3. वर प्रश्न असा की, ‘यात अजून काय बसेल?’ काहीही बसणार नाही. आहे तेच बसत नाहीये.

तू 14 दिवस म्हणतोस, पण हातात 12 रात्री आहेत. पहिल्या दिवशी मुंबईहून पहाटे निघून दुपारी रोमला उतरलास, तरी संध्याकाळी सात वाजता तुझ्या अंगात भारतातले साडेदहा वाजलेले असतील. शेवटचा दीड दिवस परतीच्या विमानांचा. म्हणून दिवस मोजू नकोस, देश तर अजिबात मोजू नकोस. रात्री मोज.

शहर बदलायचा दिवस कसा जातो ते बघ. दहा-अकराला खोली सोडायची. स्टेशन गाठायला पाऊण तास, फलाट शोधायला अर्धा, गाडी तीन तासांची, उतरून हॉटेल सापडेपर्यंत आणखी पाऊण. खोली मिळणार दोन-तीनच्या पुढे. म्हणजे सबंध सकाळ आणि अर्धी दुपार बॅग ओढण्यात गेली. तुझ्या यादीत असे सहा बदल आहेत, आणि त्यातले आम्सटरडॅम–इंटरलाकेन आणि इंटरलाकेन–प्राग हे दोन तर दिवसच्या दिवस खाणारे. ‘मग स्वस्त विमानाने जाईन’ म्हणशील. त्या स्वस्त विमानांपैकी बरीचशी ‘पॅरिस’ म्हणून ज्या बोवे विमानतळावर उतरवतात, तो शहरापासून 80 किलोमीटरहून लांब आहे. शिवाय बॅगेचे पैसे वेगळे.

माझं ऐकशील तर एकच देश धर. इटली. मुक्काम तीनच: रोम 5 रात्री, फ्लोरेन्स 4, व्हेनिस 3. झाल्या बारा. विमानाचं तिकीट ‘मल्टि-सिटी’ काढ, जाताना रोम आणि येताना व्हेनिस, म्हणजे परतीसाठी पुन्हा रोमला चार तास मागे यायला नको. रोम–फ्लोरेन्स दीड तास, फ्लोरेन्स–व्हेनिस सव्वादोन. बाकी सगळं मुक्कामावरून जाऊन-येऊन कर. पॉम्पेई रोमहून एका दिवसात होतं: वेगवान गाडीने सव्वा तासात नापोली (म्हणजे नेपल्स), तिथून चिर्कुमवेझुव्हियाना लोकलने ‘पॉम्पेई स्कावी’ स्टेशन. फ्लोरेन्सहून सिएना बसने जा, लुक्का आणि पिसा रेल्वेने. व्हेनिसहून पादुआ अर्ध्या तासावर; तिथलं जोत्तो या चित्रकाराने रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपल बघायचं असेल तर वेळ आधी राखून ठेवावी लागते.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, कुठल्या देशाकडे मागायचा, हा तुझा दुसरा गोंधळ. तिथेही उत्तर तेच. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाच्या वकिलातीकडे. सारखाच असेल तर जिथून प्रवेश, तिथे. बघ, शेंगेनवालेही मुक्कामच मोजतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांची मुदत कागदावर आहे, तिच्या भरवशावर राहू नकोस. सुट्ट्यांच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही. शुल्क 90 युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा आणि त्यात दोन पानं कोरी. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घे, पण खरी घे. खोट्या बुकिंगचे कागद लावायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

आता वार. माणसं इथे हमखास फसतात. फ्लोरेन्सची उफिझी आणि अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा फुकट, आणि म्हणून रांग मैलभर. पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट, तीच गत. कलोसियमची तिकिटं 30 दिवस आधी खुली होतात, त्यावर नाव असतं, पासपोर्ट बरोबर लागतो. दिवाळीला जोडून जाणार असशील तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला अंधार पडतो, हे धरून दिवस आख.

व्हेनिसला जाताना गाडीचं तिकीट ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ या स्टेशनचं हवं. ‘मेस्त्रे’ म्हणजे खाडीच्या अलीकडचं गाव. हॉटेल स्टेशनजवळ किंवा वापोरेत्तोच्या (तिथल्या पाण्यावरच्या बसच्या) धक्क्याजवळ घे, कारण तिथल्या पुलांना पायऱ्या आहेत आणि तुझ्या बॅगेच्या चाकांचा तिथे उपयोग शून्य. वापोरेत्तोचं एकेरी तिकीट साडेनऊ युरोचं, 75 मिनिटांसाठी. रिजनल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशिनमध्ये शिक्का मारून घे. नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड. कार्ड मशिन ‘रुपये की युरो’ विचारेल, युरोच निवड. रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीने लावतात. चिवडा ने. पेढे, बर्फी, तूप नको, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत.

‘पण एवढे पैसे खर्चून एकच देश?’ असं घरचे म्हणतील, ठाऊक आहे. मला लोक हट्टी म्हणतात, आळशीही म्हणतात. म्हणोत. खर्चाच्या हिशेबातही मीच बरोबर आहे: सहाऐवजी दोनच बदल, म्हणून गाड्या-विमानांची तिकिटं वाचतात, चार रात्री एका जागी म्हटल्यावर स्वयंपाकघर असलेली खोली परवडते, आणि वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली की निम्म्याहून स्वस्तात पडू शकतात. स्वित्झर्लंड कुठे पळून जात नाही. त्याला वेगळ्या बारा रात्री दे.

नवी यादी पाठव. रकाने तीनच: गाव, रात्री, वार. सोमवारी उफिझी दिसलं तर न वाचता परत धाडीन.

तुझा,
काका