जेलीफिन डॉकरमध्ये चालवायचंय, तर लिनक्स, विंडोज की मॅक, कशावर टाकू?

राम राम भाऊ. तुम्ही विचारलंय की घरात सातव्या जनरेशनच्या आय५ चा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ११ चा लॅपटॉप आहे आणि भावाचा एम१ मॅक मिनी आहे, आणि घरच्या लग्नांचे, कानबाईचे, आखाजीच्या गाण्यांचे सगळे व्हिडिओ एका ठिकाणी टाकून जेलीफिन या फुकटच्या व्हिडिओ सर्व्हरने टीव्हीवर बघायचेत, तर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) सगळीकडे सारखंच चालतं म्हणून कशावर पण टाकलं तरी चालेल ना.

नाही चालत तसं. म्हणजे सुरू होईल तिन्हीवर, पण नीट चालेल फक्त त्या जुन्या डेस्कटॉपवर, तेही त्याच्यावर लिनक्स टाकलं तर. डेबियन टाका नाहीतर उबुंटू सर्व्हर, काही फरक पडत नाही. आणि काही कारणाने विंडोज किंवा मॅकच वापरायचं असेल तर मग डॉकरचा नाद सोडा आणि जेलीफिन सरळ इन्स्टॉल करा, दोन्हीसाठी त्याचा इन्स्टॉलर फुकट मिळतो.

आता का ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रॉब्लेम तुम्ही स्वतःच सोडवाल. कंटेनर म्हणजे वेगळा कॉम्प्युटर नाही, ती लिनक्सच्या कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) चालणारी साधी प्रोसेसच असते, फक्त कर्नलच्या नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयी वापरून तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवलेलं असतं. जेलीफिनची इमेज, म्हणजे कंटेनर ज्यातून बनतो ते तयार पॅकेज, लिनक्सची आहे. विंडोज आणि मॅकमध्ये लिनक्सचा कर्नलच नाही, म्हणून डॉकर डेस्कटॉप मागच्या मागे एक लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालू करतं, विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) मधून आणि मॅकवर अ‍ॅपलच्या व्हर्च्युअलायझेशनमधून, आणि तुमचा कंटेनर तिच्या आत असतो. एखादी वेबसाइट चालवायची असेल तर हे जाणवत पण नाही. पण व्हिडिओच्या सर्व्हरला जीपीयू (ग्राफिक्सची चिप), डिस्क आणि नेटवर्क तिन्ही थेट हाताशी लागतात आणि नेमकं तेच भिंतीच्या पलीकडे राहतं. जेलीफिनवाल्यांनी पण त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की लिनक्स सोडून दुसरीकडे डॉकरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन आणि मोठ्या लायब्ररीचं स्कॅनिंग बिघडतं, तिथे नेटिव्ह व्हर्जन, म्हणजे सरळ इन्स्टॉल होणारं, वापरा.

जीपीयूचं सगळ्यात महत्त्वाचं. हल्ली बरेच फोन व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमध्ये काढतात, एचडीआर चालू असेल तर १० बिटमध्ये. नवीन टीव्ही ती फाइल जशीच्या तशी चालवतो, पण जुना टीव्ही किंवा काही ब्राउझर चालवत नाहीत, मग जेलीफिनला ती चालू असतानाच एच२६४ मध्ये बदलून द्यावी लागते, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम ४के व्हिडिओसाठी नुसत्या सीपीयूवर पडलं तर सीपीयू शंभर टक्क्यावर जातो, पंखा ओरडतो आणि व्हिडिओ तरी अडकत अडकत चालतो, त्यात आपल्याकडचा मे महिना, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना बंद खोलीत त्या डब्याचं काय होत असेल विचार करा. इंटेलच्या चिपमध्ये यासाठी क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असतो आणि तुमचं नशीब चांगलं आहे की सातवी जनरेशन आहे, कारण १० बिट एचईव्हीसी तिथूनच नीट आलं. सहाव्या जनरेशनला ८ बिटच जमतं आणि चौथीला तर एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये जमतच नाही, फक्त एच२६४ वगैरे जुने फॉरमॅट.

लिनक्सवर हा भाग /dev/dri फोल्डरमध्ये renderD128 नावाने दिसतो. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंग लिहायची फाइल) डिव्हाइसेसच्या खाली तो द्यायचा आणि ग्रुप अ‍ॅडमध्ये रेंडर ग्रुपचा नंबर टाकायचा, नाव नाही, नंबर, कारण त्या नावाचा ग्रुप कंटेनरच्या आत असेलच असं नाही. हा नंबर प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो म्हणून कोणाच्या व्हिडिओतला कॉपी करू नका, गेटएंट कमांडने स्वतःचा बघा. मग डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकला जाऊन क्विक सिंक निवडा, एक एचईव्हीसी व्हिडिओ मुद्दाम कमी क्वालिटीवर चालवा आणि इंटेल जीपीयू टॉप (जीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) मध्ये बघा, व्हिडिओचा आकडा हलत असला म्हणजे झालं काम.

विंडोजवर डॉकरमधून एनव्हिडियाचं कार्ड देता येतं पण इंटेलच्या क्विक सिंकच्या भरवशावर तिथे राहू नका. मॅकचं तर सरळ आहे, अ‍ॅपलचं व्हिडिओटूलबॉक्स, म्हणजे मॅकवर क्विक सिंकसारखं काम करणारं साधन, त्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनला दिसतच नाही. तोच एम१ नेटिव्ह जेलीफिनमध्ये फार छान ट्रान्सकोड करतो आणि वीज पण कमी खातो, त्यामुळे भावाने मॅक दिलाच तर तो पण चांगलाच पर्याय आहे, फक्त डॉकरविना.

डिस्कबद्दल. विंडोजचा डी ड्राइव्ह कंटेनरला दिला की प्रत्येक फाइल मधल्या शेअरिंगच्या थरातून जाते, स्कॅनला वेळ लागतो, आणि नवीन व्हिडिओ टाकल्याची खबर आत पोचत नाही, म्हणून लायब्ररी आपोआप अपडेट होत नाही, दर वेळी स्कॅन दाबावं लागतं. तरी तिथेच चालवायचं म्हणाल तर निदान कॉन्फिग फोल्डर डॉकरच्या नेम्ड व्हॉल्यूममध्ये (डॉकर स्वतः सांभाळतं ती जागा) ठेवा, त्यात एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो आणि तो विंडोजच्या फोल्डरवर ठेवणं धोक्याचं आहे.

लिनक्सवर तुमची एनटीएफएसवाली जुनी हार्डडिस्क चालेल, ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ ड्रायव्हर आतच आहे. एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) तिची एंट्री यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळख नंबराने, करा आणि नोफेल टाका, नाहीतर डिस्क काढली असली की मशीन बूटलाच अडून बसतं. पण मग दुसरा धोका येतो बघा. डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे जोडली गेली नाही, तर जेलीफिनला रिकामं फोल्डर दिसतं, आणि पुढच्या स्कॅनला लायब्ररीतली नावं साफ होऊ शकतात, फाइली जात नाहीत पण तुम्ही बसून भरलेली माहिती विस्कटू शकते. यावर उपाय म्हणजे अख्खी डिस्क न देता तिच्या आतलं एखादं फोल्डर द्या, आणि कंपोजमध्ये व्हॉल्यूम लांब पद्धतीने लिहून क्रिएट होस्ट पाथ फॉल्स करा. डिस्क नसेल तर ते फोल्डरच सापडणार नाही आणि कंटेनर चालूच होणार नाही, मग लगेच कळतं. शिवाय व्हिडिओचं फोल्डर रीड ओन्ली द्या. आजीने म्हटलेली आखाजीची गाणी परत कोणी रेकॉर्ड करू शकणार नाहीये, ती टीव्हीच्या रिमोटवरून डिलीट होता कामा नयेत, आणि एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर असूच द्या.

लाइटीचं पण बघा, आपल्याकडे ती जाते-येते. लिनक्सवर डॉकर बूटबरोबर चालू होतं, रिस्टार्टला अनलेस स्टॉप्ड लिहिलं आणि बायोसमध्ये पॉवर आल्यावर आपोआप चालू हो ही सेटिंग केली की लाइट आल्यावर सर्व्हर स्वतःच उभा राहतो. डॉकर डेस्कटॉप मात्र कोणीतरी लॉगिन केल्यावरच चालू होतं, म्हणजे तुम्ही पुण्याला असाल आणि घरी फक्त आई-वडील असतील तर टीव्ही बंदच.

नेटवर्कचं थोडक्यात, लिनक्सवर नेटवर्क मोड होस्ट ठेवला की टीव्हीवरच्या अ‍ॅपला सर्व्हर सहसा आपोआप सापडतो, नाही सापडला तर आयपी आणि पुढे पोर्ट ८०९६ टाका. डॉकर डेस्कटॉपवर हातानेच टाकायची तयारी ठेवा. बाहेरगावाहून बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका, आणि बऱ्याच घरगुती कनेक्शनला सीजीनॅट (एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) असल्यामुळे ते उघडून उपयोग पण होत नाही, टेलस्केल (घरच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षित जोडणारं व्हीपीएन) टाका, घरच्यांच्या वापराला त्याचा फुकटचा प्लॅन पुरतो.

इमेजला लेटेस्ट न लिहिता व्हर्जनचा आकडा लिहा, आणि मोठं अपडेट करायच्या आधी कंटेनर थांबवून कॉन्फिग फोल्डरची कॉपी काढून ठेवा, कारण नवीन व्हर्जनने डेटाबेस बदलला की जुन्या व्हर्जनला तो परत वाचता येत नाही.